आठवी 'क'ची यादी

आम्ही बेळगावकडचे. लग्नानंतर बेंगळुरूला आलो तेव्हा मला सगळ्यात मोठं सुख वाटलं ते याचं, की आमच्या आडनावावरून इथे कुणाला काही कळत नव्हतं. गावाकडे आडनाव सांगितलं की समोरच्याची नजर बदलायची. इथे पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात मी मशीनवरून उतरलेले सुटे भाग तपासते, आणि तिथे मी सगळ्यांची नुसती अक्का.

गेल्या वर्षी मुलीचं नाव घराजवळच्या अनुदानित शाळेत आठवीला घातलं. शिष्यवृत्तीसाठी अर्जाला जातीचा दाखला जोडला. तिला 'क' तुकडी मिळाली. पहिल्या पालकसभेला गेले तर 'अ' आणि 'ब'चे वर्ग पुढच्या इमारतीत आणि 'क'चा मागे, सायकली लावतात तिथे, पत्र्याखाली. आमची गल्ली झाडणारी महापालिकेची बाई माझ्या शेजारीच बसली होती. तिचा मुलगा याच वर्गात. तुकड्या कशा पाडल्या, असं मी तिला हळूच विचारलं.

"दाखला जोडला की 'क'," ती म्हणाली. "माझी मोठी पण इथंच होती, अक्का."

मुख्याध्यापिका वागायला चांगल्या होत्या. त्यांनी खुर्ची दिली, कॉफी मागवली आणि समजावलं की शिष्यवृत्तीची मुलं एका वर्गात असली की कागदपत्रं एकदम गोळा होतात, त्यात मुलांचाच फायदा. हे बोलताना त्यांना काहीच गैर वाटत नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. गणिताचे सर 'क'वर आठवड्यातून दोनदाच का येतात, असं विचारल्यावर मात्र त्या टेबलावरचे कागद सारखे करू लागल्या. थोडी अडचण आहे, म्हणाल्या.

तक्रार करू नकोस, असं घरी नवऱ्याने सांगितलं. "इतकी वर्षं कुणाला माहीत नाही. आता तूच सांगत सुटणार?"

त्याचं काही खोटं नव्हतं. मीही दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी वेणी घालून घेताना मुलगी म्हणाली, "आम्हाला प्रयोगशाळेत नेत नाहीत, आई. आम्ही मागचे ना." वेळापत्रक सांगावं तसं तिने ते सांगितलं. वेणीला रिबीन बांधता बांधताच मी तक्रार करायचं ठरवलं.

मला कन्नड बोलता येतं, पण शिकले मराठी शाळेत, लिहिताना अडते. शिक्षण खात्याला द्यायचा अर्ज लिहून दिला तो त्या झाडणाऱ्या बाईच्या मोठ्या मुलीने. एकेकाळी 'क'मध्येच बसलेली ती आता कॉलेजात होती. अकरा आयांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. पहिली सही माझी, पूर्ण नावाआडनावाने, आणि खाली जातही लिहिली. ती न लिहिता तक्रारीला अर्थच उरत नव्हता.

शिक्षण खात्याच्या अधिकारी बाई आल्या तोवर महिना होत आला होता. त्यांनी प्रवेशाची वही आणि तिन्ही तुकड्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. वहीतली जात आणि यादीतलं नाव त्यांनी एकेक करून ताडून पाहिलं. मग सोमवारपासून अक्षरक्रमाने नव्या तुकड्या करा आणि तिन्ही वर्ग पुढच्या इमारतीत घ्या, एवढंच म्हणाल्या.

सोमवारी मी अर्धी रजा काढली. फळ्यावर यादी लागली होती. मुलगी 'अ'मध्ये आली आणि तिथेच भोकाड पसरून बसली, कारण तिची जिवलग मैत्रीण 'ब'मध्ये गेली होती. तिला जवळ घेताना मला हसू आवरेना. महिनाभर छातीवर असलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता.

कारखान्यात आता जात कळेल, ही धास्ती मात्र मनात होतीच. माझ्या बाकावर काम करणारीची मुलगी त्याच शाळेत आठवी 'ब'मध्ये होती आणि नव्या यादीत माझ्या मुलीच्याच वर्गात आली होती, म्हणजे तिच्या कानावर सगळं गेलेलं असणार. दुसरी एक बाई त्या आठवड्यापासून डबा घेऊन लांब बसायला लागली, ती अजून तिकडेच बसते. पण माझ्या बाकावरची जेवायच्या सुट्टीत नेहमीसारखी आली. डबा उघडून माझ्याजवळची शेंगदाण्याची चटणी स्वतःच वाढून घेतली. तुकड्या बदलल्यावर आलेले नवे गणिताचे सर आता दोघींच्या मुलींना एकदम शिकवतात ना, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. मग बराच वेळ आम्ही त्या सरांबद्दलच बोलत बसलो.