पुष्पाताईंच्या हातात स्कॅनर चालेना

आधीच सांगून ठेवतो, कॉमेंटमध्ये दृष्ट-बिष्ट काढायचे सल्ले नकोत. मी नेटवर्कवाला माणूस. भूत म्हणजे खराब केबल, एवढाच माझा विश्वास... होता.

राहतो खारघरला, काम पनवेलकडच्या गोदामांमध्ये. कामगारांच्या हातातले स्कॅनर मधेच बंद पडू नयेत म्हणून वायफायचे डबे छताला कुठे लावायचे, ते मी ठरवतो. पळस्प्याच्या पुढच्या एका गोदामात मालकाला भारी घाई. रॅक रिकामे असतानाच सिग्नल मोजायला लावला. मग रॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरल्या, पाण्याने सिग्नल खाल्ला आणि निम्म्या गल्ल्यांत रेंज गायब! शिव्या मात्र मी खाल्ल्या. परत मोजलं, डबे हलवले, सगळं सुरळीत झालं.

फक्त नेरे गावाहून कामाला येणाऱ्या पुष्पाताईंचा स्कॅनर चालेना.

नवरा अंथरुणाला खिळलेला, घर यांच्या पगारावर. स्कॅन कमी पडले की कामावरून काढायचे, असा तिथला कायदा. मी बॅटरी बदलली, स्कॅनर बदलला, अगदी त्यांच्या डोक्यावर नवा डबा लावला. मी हातात घेतला की फुल रेंज, त्यांनी घेतला की शून्य. आयला, असं कसं?

सुपरवायझर सावंतला तर खेळच मिळाला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ओळीत उभं केलं, खोक्यातून नवाकोरा स्कॅनर काढला आणि हातोहात फिरवला. प्रत्येकाच्या हातात चालला. ताईंच्या हातात गेला आणि बंद. टाळ्या, शिट्ट्या!

"काकी, माझ्या बायकोचा फोन पण बंद पाडा की!" कोणीतरी ओरडलं.

"अजून एकदा!" सावंत म्हणाला. हरामखोराने पुन्हा पुन्हा करायला लावलं. ताई दर वेळी स्कॅनर पदराने पुसून घ्यायच्या.

"दादा, घरी माजा मोबाइल चालतो," त्या मला म्हणाल्या. "मंग हितंच काय होतं? माजं काय चुकलं?"

मी सावंतला म्हटलं, यांना पॅकिंगला बसवा, तिथे स्कॅनर लागतच नाही.

"तुमचा सिग्नलचा नकाशा हिरवागार आहे ना, साहेब?" तो हसला. "मग प्रॉब्लेम नेटवर्कचा नाही, बाईचा आहे. जाऊ दे घरी."

संध्याकाळी त्या निघाल्या. दारावर हजेरीचं मशीन. सकाळी त्यांचा अंगठा त्यानेच घेतला होता, आता घेईना. पुसून ठेवला, दुसरा ठेवला... नाही. मी वायर तपासली, मशीन व्यवस्थित चालू होतं.

अंगात करंट असतो, घाम असतो... नंतर लोकांनी मला बरंच काय काय सांगितलं. घरचा मोबाइल कसा चालतो, ते एकालाही सांगता आलं नाही. मलाही नाही, आजपर्यंत.

ताई अंगठा पदराला घासत मशीनपाशीच उभ्या होत्या.

"जाताना अंगठा नाही, म्हणजे आजचा दिवस धरता येणार नाही," सावंत म्हणाला. "सरका बाजूला."

मागच्या माणसाचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला.