डर मोडायची रीत

सौंसरला आमच्या घरात संत्र्याच्या बागेची वाटणी अडली होती, आणि त्यावरून रोज भांडण. माझा नवरा आणि मोठे दीर अंगणात समोरासमोर उभे राहत, आवाज चढत जाई, मग एखादी बादली भिंतीवर आदळे. माझी चार वर्षांची मुलगी खाटेखाली जाऊन बसे. रडत नसे. घरात त्याचंच कौतुक! "केवढी समजदार पोरगी आहे," सासरे म्हणायचे. त्या कौतुकाची मला चीड यायची.

ती झोपेत दचकायची. बालवाडीत कुणी मोठ्यानं हाक मारली तरी चड्डी ओली व्हायची. शेवटी मी तिला घेऊन नागपूरची बस धरली. डॉक्टरबाईंनी सोप्या शब्दांत सांगितलं, की मेंदूत धोका ओळखणारा एक भाग असतो आणि या वयात तो घडत असतो. घरात रोजच भीती असली तर तो सदा सावध राहायला शिकतो, आणि भीती, राग आवरणारा भाग मागे पडतो. "घर शांत झालं तर पुष्कळ सावरतं," त्या म्हणाल्या. "पण आत्ताच."

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. सासरे हसले. "लहान लेकराले काय समजते? मोठी झाली का विसरून जाईन." मग उपाय त्यांनीच काढला, पोरीला गोटमारीच्या जत्रेला न्यायचं. माझं माहेर पांढुर्ण्याचं, जाम नदीला लागून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि दोन्ही गावं एकमेकांवर दगड फेकतात. "एकदा गोटे पाह्यले का डर मोडते. आमाले बी असंच नेलं होतं."

आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच! ओरडणाऱ्यांना कुणी काही म्हणेना, आणि इलाज पोरीवर. मी नाही म्हटलं. नवरा म्हणाला, "बाबा म्हनून राह्यले, त जाऊ दे ना." तिला एकटीला सोडवेना, म्हणून मीही गेले.

माहेरची गच्ची माणसांनी भरली होती. खाली एकाचं डोकं फुटलं, त्याला उचलून नेलं. सासऱ्यांनी पोरीला कडेवर घेऊन कठड्याशी धरलं. तिचे डोळे कोरडे होते. "पाय, रडली का? मोडली डर!" गच्चीवरच्या बायकांनी तिला शाबासकी दिली. मी तिला ओढून घेतलं तेव्हा तिचं अंग लाकडासारखं ताठ होतं.

तिनं नदीचे दोन्ही काठ पाहून घेतले आणि माझ्या कानाशी विचारलं, "आई, बाबा इकडचे, मोठे बाबा तिकडचे. मंग आपन कुठं उभं राहाचं?"

मी ते सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितलं. नवरा कठड्यावरून खालचे गोटे पाहू लागला. सासरे म्हणाले, "पोट्टीच्या मनात तूच भरून राह्यली हे."

त्या दिवशी सौंसरच्या बसमध्ये नवरा आणि सासरे दोघंच बसले; मी पोरीला घेऊन माहेरीच राहिले. घर शांत झालं की कळवा, आम्ही येऊ, एवढंच मी म्हणाले.

परवा सासऱ्यांचा फोन आला. "सूनबाई, आता पाठव पोरीले. घर कसं सुनं सुनं वाटते."

मागे दोघा भावांचा आरडाओरडा चालू होता. त्यातून सासऱ्यांचं बोलणं मला नीट ऐकूही येत नव्हतं.