परातीतलं लोणार

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात बाप्पासमोर रक्त दिसलं... असं गल्लीतल्या निम्म्या लोकांनी फोनवरून नातेवाइकांना कळवलं. म्हणून खरं काय झालं ते मीच सांगून टाकते.

आमच्या गल्लीतली मराठी घरं मिळून एक गणपती बसवतात. दरवर्षी भाड्याने आणलेला तोच तो कापसाचा कैलास. यंदा मी भांडून सजावट माझ्याकडे घेतली आणि जाहीर केलं... लोणारचं तळं करणार. माझं माहेर तिथलं.

"देवापुढे खड्डा? काहून?" मंडळाचे अध्यक्ष वानखेडे काकाजी म्हणाले. माझी कॉलेजात जाणारी मुलगी मिनू, जन्म रायपूरचा, तीही म्हणाली, "मम्मी, है तो गड्ढा ही."

खड्डा म्हणे! लाव्हाच्या काळ्या खडकावर आभाळातून दगड येऊन आदळला, त्यातून झालेली ती जागा. मोठमोठे अभ्यासकसुद्धा बराच काळ तिला ज्वालामुखीचं तोंड समजत होते. कडेवर गोड्या पाण्याची बारमाही धार, उतारावर झाडी, मोर, जुनी देवळं... आणि तळाशी गोल, हिरवं, खारं पाणी. आत येतं, पण बाहेर जायला त्याला वाट नाही. काही वर्षांपूर्वी ते अख्खं तळं गुलाबी झालं होतं, त्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. संध्याकाळी कडेवरून खाली पाहिलं की मला अजूनही बोलायला सुचत नाही, आणि मी किती बडबडी आहे ते तुम्हाला माहीतच आहे.

नवरा गावाबाहेर उरला औद्योगिक वसाहतीत स्टील कारखान्यात आहे. त्याने भट्टीतून निघणारा काळा स्लॅग, म्हणजे लोखंडाची मळी, पोत्यात भरून स्कूटरवर आणला. अगदी आमच्याकडच्या दगडासारखा दिसतो. त्याचं गोल कडं रचलं, बाभळीच्या काड्या खोचल्या, मधे स्टीलची मोठी परात ठेवली.

आता परातीत नळाचं साधं पाणी ओतायला मन होईना. लोणारचं पाणी हाताला साबणासारखं बुळबुळीत लागतं हो... मग मी त्यात धुण्याचा सोडा विरघळवला. हिरवा रंग घालायचा होता, तो गडबडीत राहूनच गेला.

परात अशी भरली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आरती झाली आणि शेजारच्या पुसदकर काकू पुढे आल्या. आपल्या बायकांना देवापुढे पाणी दिसलं की हात आपोआप करंड्याकडे जातो, मग ती नदी असो की परात. काकूंनी भक्तिभावाने हळद वाहिली. कुंकवाला हात घालेपर्यंत पाणी लाल.

"अवं माय! पाण्याचं रक्त होऊन राहिलं!" काकू ओरडल्या. झालं. कोणी अपशकुन म्हणालं, कोणी कानाला हात लावले. काकाजींनी तर हुकूमच सोडला... परात उचला, खड्डा बुजवा, आत्ताच्या आत्ता कैलास आणा.

आधी मी घाबरले, खोटं कशाला बोलू. मग मात्र डोकं सणकलं. अख्ख्या गल्लीसमोर माझं माहेर अपशकुनी ठरत होतं. मी परातीला लागून मांडी घालून बसले... उचला म्हटलं, आधी मला उचला.

लहानपणी आम्ही मैत्रिणी बाटलीत तळ्याचं पाणी भरायचो आणि हळद टाकून लाल करायचो. खारात, मग तो तळ्याचा असो की सोड्याचा, हळद लाल होते, एवढीच ती जादू. हे सांगून पाहिलं, पण ऐकतंय कोण.

मग मी काकूंकडे वळले. "काकू, तुमची आई घरी कुंकू कशाचं करे?"

"हळदीचंच न."

"अन् हळद लाल कराले काय टाके?"

"टाकणखार... लिंबू..." काकू बोलता बोलता थांबल्या. परातीकडे पाहिलं. "खारच की वं पोरी."

"मंग? जे तुमच्या कपाळावर, तेच माह्या परातीत. कपाळावर सौभाग्य अन् परातीत अपशकुन?"

काकूंनी करंडा पुन्हा उघडला आणि काकाजींच्या डोळ्यांदेखत परातीत आणखी एक चिमूट हळद सोडली. त्यांचे आभार कसे मानू तेच कळत नाही. काकाजी मात्र पुढच्या वर्षी कैलासच, असं पुटपुटत चहा प्यायला गेले... जाऊ देत.

गर्दी बघून शेजारची हिंदीभाषक मंडळीही आली. त्यांना मिनू सांगत होती, "गड्ढा नहीं है, दीदी. लोणार है. मेरी मम्मी का मायका."

परात विसर्जनापर्यंत जागची हलली नाही. तुम्हाला कोणी विचारलंच तर बिनधास्त सांगा... हो, बाप्पासमोर खड्डा होता. आमच्या लोणारचा होता.