सूर किती वेळ राहू द्यायचा

कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्राच्या पट्ट्यात भिकनच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली, तेव्हा असोदा गावात सगळ्यांनी गृहीत धरलं की याची पेटी आता संपली. भीमजयंतीला गावोगाव गाणाऱ्या पार्टीचा हा पेटीवाला. जखम भरताच त्यानं पेटी पुढ्यात ओढली. पण पेटीवर बोट उचललं की सूर तिथंच तुटतो. उरलेली बोटं उडी मारून पुढच्या सुरावर पोचेपर्यंत गाण्याला भोक पडायचं.

पार्टीची गायिका शेवंताबाई वयानं मोठी. ती जपून म्हणाली, "भिकनभाऊ, आता टाळ धरा. पार्टी सोडू नका."

"अक्का, टाळ धराले बठ्ठे लोक हायेत. मले सूरच धरायचा हाय."

एक्क्याण्णवच्या हिवाळ्यात जळगावचा एक ऑर्केस्ट्रा मोडला आणि त्याचा जुना सिंथेसायझर पार्टीकडे आला. भिकननं एक पट्टी दाबून बोट उचललं. सूर लगेच तुटला नाही. जरा रेंगाळून विरला. तो बघतच राहिला. या रेंगाळण्याला रिलीज म्हणतात आणि बटणानं ते कमी-जास्त होतं, हे ऑर्केस्ट्राच्या देवचंदनं त्याला दाखवलं.

भिकननं रिलीज भरपूर वाढवला. संथ गाण्यातली भोकं बुजली. पण जीवरामनं ढोलकीवर जलद ठेका धरला आणि पहिला सूर विरायच्या आत दुसरा, त्यावर तिसरा, अशी खिचडी झाली. शेवंताबाई गाता गाता थांबली. "भाऊ, माझाच आवाज मले ऐकू येत नाही."

वाढवला की खिचडी, कमी केला की भोक. दिवसभर केळीचे घड वाहून भिकन संध्याकाळी बटणांशी झगडत बसायचा. शेवटी त्याला उमगलं, हाताचंही वळण बदलावं लागेल. जलद गाण्यासाठी त्यानं रिलीज बोटाच्या उडीपुरताच ठेवला आणि सवयीनं भरलेले अधलेमधले सूर गाळून टाकले. ते गाळणं त्याला फार जड गेलं.

धुळ्याच्या जयंतीत संथ गाणं रंगलं. टाळ्यांच्या गडबडीत तो बटण बदलायला विसरला आणि पुढच्या जलद गाण्याच्या पहिल्याच ओळीला सूर एकमेकांत कालवले गेले. भिकननं सरळ हात उचलला. शेवंताबाई क्षणभर दचकली, पण नुसत्या ढोलकीवर तिनं कडवं रेटून नेलं. तेवढ्यात डाव्या हातानं रिलीज उतरवून तो धृपदाला परत शिरला. सूर मोकळे, स्वच्छ पडू लागले. शेवंताबाईनं मागं न बघताच आवाज चढवला आणि मंडपानं ठेका धरला.

"मधेच हात कावून उचलला?" खाली उतरल्यावर तिनं विचारलं.

"वाईट वाजवण्यापरीस गप बसलेलं बरं, अक्का."

ती हसली. "पुढच्या साली जामनेरले जायचं हाय. तिथं जलद गाणी जास्ती घेऊ."


त्यांनी घेतलीही. पुढं बरीच वर्षं भिकन त्या पार्टीत वाजवत राहिला.