फोटोत आलेली फांदी

आयुष्यभर लोकांना 'हलू नका' असं सांगणारा हा माणूस स्वतः दोन मिनिटंही एका जागी बसत नसे. चिमूरच्या बाजारात भाईंचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचा फोटो काढतानाही ते एका पायावरून दुसऱ्या पायावर. चहा उभ्यानं प्यायचे आणि कप ठेवायच्या आत दारात पोचलेले असायचे.

फाल्गुन लागून पळस फुलला की ही तगमग दुप्पट व्हायची. रविवारी उजाडताच फाटकाशी स्कूटरचा हॉर्न. "बाई, काऊन बसून राह्यल्या? पाखरं का आपल्यासाठी थांबतीन?" मी शाळेतून निवृत्त झाले होते, तुमचे आईबाबा तुम्हा नातवंडांना घेऊन दूर गेले होते. मलाही घरात बसवत नसे. मी निघायची.

पक्ष्यांचे आवाज, त्यांची झाडं, सगळं भाईंना ठाऊक. फक्त वाट पाहणं जमत नसे. पक्षी बसतो न बसतो तोच ते एक पाऊल पुढे टाकत आणि तो उडे. त्यामुळे त्यांच्याकडे शेपटांचेच फोटो जास्त. मी तारीख, वेळ, झाड असं टिपून ठेवू लागले की चिडवत, "तुमच्या वहीत पाखरू बरं बसते बाई, माह्या कॅमेऱ्यात तं बसतच नाई."

तीन वर्षांपूर्वी एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाच्या मादीनं स्वतःला कोंडून घेतलं होतं. अंडी घालायच्या वेळी ती ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. उरते ती चोचीपुरती फट. तिथून नर तिला भरवतो. तो आला नाही तर ती उपाशी. भरवणाऱ्या नराचा फोटो तुम्हाला पाठवायचा, हा हट्ट माझा. पण शेजारच्या कुसुमाच्या झाडाची कोवळ्या लाल पानांची एक फांदी नेमकी ढोलीसमोर येत होती. मला सगळं नीटनेटकं लागतं, तुम्हाला माहीत आहे. "भाई, ती फांदी काढली तर स्वच्छ दिसेल," मी म्हटलं. त्यांनी शेतातल्या बांबूला विळा बांधला आणि फांदी खाली आली.

नर आला, चोचीत उंबर. ढोलीभोवती घिरटी घातली, लांब सागावर बसला आणि निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. फटीतून मादीची चोच बाहेर यायची आणि रिकामीच आत जायची.

"तिच्या घराचा पडदाच काढला बाई आपण," भाई म्हणाले. "त्याले उघडं वाटून राह्यलं."

'आपण' म्हणाले. 'तुम्ही' म्हणाले नाहीत.

साठी उलटलेले भाई कुसुमावर चढले आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्यानं ती फांदी होती तिथं बांधून आले. मग आम्ही बरेच मागे सरकलो, आणि भाई चक्क मांडी घालून बसले. मीच उठत होते, बसत होते, घड्याळ पाहत होते. ऊन डोक्यावर आलं. बांधलेली पानं माना टाकू लागली. ती पार सुकली तर?

"हलू नका, बाई," ते हळूच म्हणाले.

दुपार कलताना नर आला. सागावर थोडा थांबला, मग थेट ढोलीला बिलगला. एकेक उंबर आत गेलं. कॅमेरा भाईंच्या मांडीवर तसाच.

"फोटो, भाई?"

"नाई बाई. आज आपलं तोंड नाई फोटो काढायचं."

पुढच्या वर्षी कापल्या जागी नवी फूट आली, आणि ढोलीत धनेशही आले. भाईंनी लांबून, बसून, एकच फोटो काढला. अर्धा धनेश लाल पानांआड आहे.

या थंडीत भाई गेले. आता फाल्गुन लागला आहे आणि रविवारी उजाडताच मी उगीच दोनदा फाटकापर्यंत जाऊन येते. तो फोटो सोबत पाठवते आहे. तुमच्याकडे फोटो हवा तसा कापून घ्यायची सोय असते, ठाऊक आहे मला. ती फांदी राहू द्या.