पाणीपट्टीची दवंडी

टेकचंदचा आवाज घडला तो अड्याळच्या शिवारात. धान लोंबीला आलं की पाखरं हाकलायला तो शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा राहायचा आणि अशी आरोळी ठोकायचा की पलीकडच्या तलावातले बगळे उडायचे. पुढे शेती थोरल्या भावाकडे राहिली. टेकचंद तालुक्याच्या गावी नगरपालिकेत शिपाई लागला, आणि त्या आवाजापायी दवंडीचं काम त्याच्या गळ्यात पडलं. चौकात उभं राहायचं, घंटी वाजवायची, कागद वाचायचा. दहा वर्षं त्यानं हेच केलं. कागदातलं सगळं त्याला समजायचं असं नाही, पण तशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

१९७९च्या उन्हाळ्यात कागद आला तो पाणीपट्टी दीडपट करण्याचा. नालीसफाईचा करही सोबतच वाढायचा होता. बाजारचौकात एकदोघांनी टेकचंदलाच शिव्या हासडल्या. त्याची त्याला सवय होती. पण टेकडीवरच्या आळीत शकुनबाईनं त्याला थांबवलं. ही बाई दारात बसून विड्या वळायची आणि अख्खी आळी तिचा शब्द मानायची.

"टेकचंदभाऊ, आमच्या नळाले सकाळी दोन गुंड भरतीन एवढंच पाणी येते, तेबी फुरफुर करत. अन पट्टी खालच्या आळीएवढीच?"

"मले कायले विचारतेस बाई? मी त वाचणारा."

"मंग वाचलेलं समजावून सांग. शेवटी काय म्हनलास? हरकती का काय?"

'हरकती असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी सादर कराव्यात.' हे वाक्य टेकचंद दरवेळी एका दमात उरकायचा. अर्थ विचारल्यावर त्यानं तेच वाक्य पुन्हा, जरा हळू म्हणून दाखवलं. बायका हसल्या. शकुनबाई हसली नाही.

"तुलेच समजत नाही, त आमाले कसं समजन?"

हे त्याच्या जिव्हारी लागलं. तो तडक कचेरीत गेला आणि कर विभागाच्या केशवरावांसमोर उभा राहिला. केशवरावांनी मान वर न करता सांगितलं, "ज्याले वाढ पटत नसेल त्यानं लिहून द्यायचं. पण आजवर कोणी दिलं नाही."

"कोणाले समजलंच नाही, त देईन कोण बाबूजी?"

"तू आपली घंटी वाजव," केशवराव म्हणाले.

टेकचंदनं घंटी वाजवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या आळ्या फिरला, कागद खिशातच ठेवून.

"ऐका जी ऐका! नगरपालिका पाण्याची पट्टी वाढवून राहिली. अजून वाढली नाही, वाढवायचा विचार हाये. ज्याले पटत नसन त्यानं आपलं म्हननं लिवून कचेरीत द्यावं. लिवता येत नसन त दुसऱ्याकडून लिवून घ्यावं, अंगठा चालते!"

आठवड्याभरात केशवरावांच्या टेबलावर कागदांची चळत लागली. मुख्याधिकाऱ्यांनी टेकचंदला बोलावलं. नोकरी जाते की काय, अशी त्याला धास्ती वाटली.

"कागदात नव्हतं ते तू ओरडलास?"

"नाही साहेब. होतं तेच सांगतलं. फक्त आपल्या लोकायच्या बोलीत."

साहेबांनी दवंडीचा कागद पुढे ओढून शेवटची ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. आणि केशवरावांना बोलावून सुनावणीची तारीख ठरवायला सांगितलं.

तीस दिवसांची मुदत सरल्यावर शाळेच्या पटांगणात सुनावणी झाली. लोक मावत नव्हते. शकुनबाई उभी राहिली. "आमी पट्टी देत नाही म्हनत नाही साहेब. पयले पानी चढवा, मंग वाढवा." त्यावर इंजिनिअरनं भरसभेत कबूल केलं की टेकडीकडे जाणारा पाइपच बारीक आहे. ठराव झाला: बाकी गावाची वाढ निम्म्यावर आणायची, आणि टेकडीला जाड पाइप पडून पाणी येईपर्यंत तिथली पट्टी जुनीच.

पाइप पडायला दीड वर्ष लागलं. पाणी चढलं त्या सकाळी आळीतल्या बायकांनी रांजण, गुंड, परात, जे हाती लागलं ते भरून घेतलं. त्यानंतर वाढीव पट्टीची दवंडीही टेकचंदनंच दिली. शकुनबाईनं कुरकुर केली, आणि भरली.

तेव्हापासून कचेरीतला कोणताही जाहीर कागद आधी टेकचंदपुढे यायचा. केशवराव स्वतः वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "समजलं का रे?" टेकचंद विचार करून मान हलवायचा. आडवी हलली की केशवराव मुकाट्यानं ती ओळ खोडायचे आणि दुसरी लिहायला घ्यायचे.