क्षमावहिनी ‘छान’ म्हणाल्या

क्षमावहिनींचे माहेरचे नाव वेगळे होते. लग्नात टिपणिसांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘क्षमा’ असे लिहिले, तेव्हा नवी नवरी मुंडावळ्यांआडून म्हणाली, “तांदूळ कणीचे आहेत.” ही हकीकत मला त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मित्राने, रामचंद्राने स्वतः सांगितली, आणि सांगताना तो हसत नव्हता. ज्यांनी पहिल्याच दिवशी सासरच्या तांदळाला क्षमा केली नाही, त्यांना जन्मभर त्या नावाने हाक मारण्याचे काम आमच्या वाट्याला आले.

अंधेरीला स्टेशनच्या पूर्वेस एका बंगलीत आम्ही दोन्ही कुटुंबे भाड्याने राहत होतो. खाली आम्ही, वर टिपणीस. रामचंद्र कोर्टात शिरस्तेदार. दिवसभर दोन्ही बाजू ऐकाव्या लागत, त्यामुळे घरी एकच बाजू ऐकायला त्याला बरे वाटे.

वहिनींचा खरा विषय म्हणजे दुसऱ्यांची घरे. पार्ल्यापासून जोगेश्वरीपर्यंत कोणाचीही वास्तुशांत असली की वहिनींना बोलावणे असे. त्या दारात उभ्या राहून एकदा नजर फिरवीत आणि पेढा हातात घ्यायच्या आधी मत देत. प्रेमाबाई प्रधानांनी नवा सोफा घेऊन त्यावर खोळी घातल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, “सोफ्याला हिवताप आलाय का गं? पांघरूण घालून निजवलायस.” प्रेमाबाईंनी खोळी काढल्या. मग वहिनी म्हणाल्या, “घाल बाई परत.” लोकांनी त्यांना बोलवायचे केव्हाच सोडले असते. पण न बोलावल्यास त्या घर न बघताच मत देत आणि ते बरोबर निघे.

त्यांच्या कोशात ‘चालेल’ हा सर्वांत वरचा शब्द. ‘ठीक’ त्याच्या खाली, आणि त्याखाली खऱ्या वर्णनाला सुरुवात होई. ‘छान’ हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला होता. त्यांचे वाकोल्याचे मामा अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. वहिनी भेटून आल्या तेव्हा मी जिन्यात विचारले, “कसे आहेत मामा?” त्या म्हणाल्या, “छान आहेत.” त्याच आठवड्यात मामा गेले. तेव्हा मला उलगडा झाला. जिथे काही सुधारण्यासारखे असेल तिथेच ही बाई नावे ठेवते. जिथे बोलून उपयोग नाही, तिथे छान.

नंदकुमार हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो कलाशाळेत शिकला आणि आपण इंटिरियर डेकोरेटर झालो असे सांगू लागला. आमच्याकडे डेकोरेटर म्हणजे मांडववाला. वहिनींच्या नणंदेने त्याला मुंजीच्या मांडवाचा भाव विचारला आणि खुर्च्या घडीच्या देणार की साध्या, तेही विचारले. मी ज्या बँकेत आहे तिथे मी त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली होती. एक तारखेला येऊन बसला तर त्याची, नाहीतर दुसऱ्याची. खुर्ची सजवण्यापेक्षा खुर्चीवर बसणे केव्हाही बरे, असे माझे मत होते आणि ते मी त्याला ऐकवीतही असे.

आम्ही दोघेही ज्या गृहसोसायटीचे सभासद होतो तिची इमारत अठ्ठावन्न साली पुरी होत आली. चेअरमन कोठारे हौशी गृहस्थ. त्यांच्या डोक्यात आले की तळमजल्यावरची एक जागा नमुन्याचे घर म्हणून सजवावी आणि सभासदांना दाखवावी. ते काम त्यांनी नंदूला दिले. सभासदांना पसंत पडले तर सगळ्या बिऱ्हाडांची कपाटे आणि फर्निचर त्यानेच करायचे.

नंदू मला म्हणाला, “काका, हे जमलं तर मी उभा राहिलो. नाही जमलं तर एक तारखेला तुमच्या बँकेत बसतो. पुन्हा रंगाचं नाव काढणार नाही.”

“आईला दाखवलंस का?”

“अंहं. रविवारी सगळ्यांबरोबर बघू दे.”

रविवारी झाडून सगळे सभासद आले. घर बघायला थोडे, आणि वहिनी स्वतःच्या मुलाच्या कामाला काय म्हणतात ते ऐकायला बाकीचे. प्रेमाबाई ठेवणीतले पातळ नेसून सर्वांत पुढे होत्या. त्यांचा सोफा अजून दुखत होता.

दिवाणखान्याच्या चार भिंतींना चार रंग होते.

“रंग पुरला नाही का रे नंदू?” प्रेमाबाईंनी विचारले.

“मावशी, प्रत्येक भिंतीचा स्वभाव वेगळा असतो.”

“आमच्याकडे माणसांचा असतो, तेवढा पुरे होतो.”

बैठक इतकी बुटकी होती की कोठारे तिच्यावर बसले म्हणण्यापेक्षा खाली गेले. त्यांना वर काढायला दोघे लागले. वर येताना ते “आरामशीर आहे” असे म्हणाले, कारण काम त्यांनी दिले होते. जेवणाचे टेबल काजूच्या आकाराचे होते. “यात यजमानाने कुठे बसायचं?” कोणीतरी विचारले. नंदू म्हणाला, “कुठेही. या टेबलाला यजमान नसतो.” “मग हॉटेलच म्हण की,” मागून उत्तर आले. भिंतीवर एक नक्षीचा पाट उभा टांगला होता आणि कोनाड्यात, जिथे कोणीही देव ठेवले असते, तिथे एक लाकडी घोडा होता. घोड्याला मान नव्हती. ती मुद्दाम नव्हती, असे नंदूने सांगितले.

हे सगळे होत असताना लोक घराकडे थोडे आणि वहिनींकडे जास्त बघत होते. वहिनी गप्प होत्या. पाटापाशी त्यांचे ओठ हलले, घोड्यापाशी पुन्हा हलले आणि मिटले. पदराचे टोक बोटाला गुंडाळून त्यांनी बोट पांढरे केले होते. मी त्यांना इतका वेळ न बोलता कधी पाहिले नव्हते, आणि त्यांच्या वतीने मलाच गुदमरल्यासारखे झाले.

मग नंदूने स्वयंपाकघराकडचा पडदा बाजूला केला आणि दिवा लावला.

दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये त्याने आडोसा केला होता. दोन लांब हिरवे बांबू, त्यांना आडव्या कामट्या, आणि प्रत्येक सांधा सुंभाने करकचून बांधलेला. समोर तीन दोऱ्यांच्या शिंकाळ्यात एक काळे मडके टांगले होते आणि मडक्यात लाल दिवा धगधगत होता.

कोठारे अख्ख्या अंधेरीत खांदा द्यायला नेहमी पुढे. त्यांचे हात नकळत जोडले गेले. मागे एका म्हाताऱ्या सभासदाने चपला काढल्या. पंखा फिरत होता, त्याने मडके जरा हलले.

“आपल्या मातीतली कल्पना आहे,” नंदू म्हणाला. “बांबू, सुंभ, मडकं. घरात पाऊल टाकताच आपलं काहीतरी आठवावं.”

“आठवलं हो,” कोठारे हळूच म्हणाले.

प्रेमाबाईंना इतक्या वर्षांनी सोफ्याचा निकाल लागायची वेळ आली होती. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “क्षमाताई, तुम्ही काहीच बोलला नाहीत. कसं आहे हे?”

वहिनींनी मडक्याकडे पाहिले. मुलाकडे पाहिले. नंदूचे तोंड लहानपणी ताप मोजताना होई तसे झाले होते.

“छान आहे,” वहिनी म्हणाल्या.

मग सगळेच छान आहे, छान आहे म्हणू लागले आणि चहाकडे वळले. चहा पिऊन लोक गेले. फर्निचरसाठी नाव एकानेही दिले नाही. नंदू मात्र तो एक शब्द ऐकल्यापासून त्याच जागी उभा होता. चोवीस वर्षे तो या बाईच्या हातचे जेवला होता. तिचा कोश त्याला माझ्याहून जास्त पाठ होता.

संध्याकाळी मी वर गेलो. खरे सांगायचे तर बँकेचे नक्की करून टाकावे म्हणून गेलो. रामचंद्र वर्तमानपत्र वाचत होता. वहिनी बिरड्यासाठी वाल सोलत बसल्या होत्या आणि नंदू त्यांच्यासमोर जमिनीवर बसला होता.

“आई, काय चुकलं?”

“काही नाही. छान म्हटलं ना.”

“छान म्हणू नकोस. वाकोल्याच्या मामाआजोबांना म्हणाली होतीस.”

वहिनींचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

“बांबू कुठून आणलेस?”

“मरोळहून.”

“ओले?”

“हिरवा रंग हवा होता. वाळले की जातो.”

“बांधले कोणी?”

“मीच. सुतार खिळे मारायला निघाला होता. मी म्हटलं, खिळा नको, सुंभच पाहिजे.”

“बरोबर आहे. खिळा चालत नाहीच. आणि मडक्यात लाल दिवा?”

“निखारे असल्यासारखं वाटावं म्हणून.” एवढे बोलून नंदू थांबला. त्याने आईकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी छताकडे पाहिले.

“नंदू, तू कोणाला पोचवायला गेलायस कधी?”

“नाही. दर वेळी माझी परीक्षा असायची.”

“हो, यांनीच पाठवलं नाही.” वहिनींनी वर्तमानपत्राकडे मानेने खूण केली. “मडकं धरायचा मान तुझाच आहे रे. एकुलता एक आहेस. पण मला अजून थोडा वेळ आहे.”

“मलाही,” वर्तमानपत्रामागून रामचंद्र म्हणाला.

नंदूने डोके गुडघ्यांत घातले. त्याचे खांदे हलू लागले तेव्हा तो रडतो आहे असे मला वाटले. तो हसत होता, निदान बराचसा.

“मग तिथेच का नाही बोललीस?” तो शेवटी म्हणाला.

“तिथे बोलले असते तर लोक हसले असते.”

“तू तर रोज लोकांना हसवतेस.”

“दुसऱ्यांच्या मुलांवर.”

नंदू सरसावून बसला. “आता सांग. सगळं सांग. मडकं झालं, पुढे बोल.”

आणि वहिनी बोलल्या. दुपारपासून कोंडलेले होते. वाल सोलून झाले, बिरडे चुलीवर चढले, तरी त्या बैठकीपर्यंतच आल्या होत्या. “कोठाऱ्यांना विहिरीतून काढल्यासारखं काढलं. तुझ्या बापाला बसवून बघितलं असतंस तर आधीच कळलं असतं.” “काजूत जेवायचं कोणी? खड्ड्यात बसलेल्याच्या पानावर वरून वाढणार का?” “घोड्याची मान मुद्दाम नाही, तर मग माझ्या कढईचा कान पण मुद्दामच नाही.” नंदू मधूनमधून भांडत होता. निळ्या भिंतीवरून तर दोघांचा आवाज खालपर्यंत गेला, असे नंतर माझ्या पत्नीने सांगितले. बँकेचा विषय मी काढलाच नाही. काढायला फट नव्हती.

कोठाऱ्यांनी आणखी एक रविवार दिला. नंदूने बैठकीचे पाय वाढवले, टेबलाचा खड्डा भरून काढला, पाट भिंतीवरून खाली आला आणि त्यावर बसता येऊ लागले. तीन भिंती एका रंगाच्या झाल्या. चौथी निळीच राहिली. “ही माझी,” तो म्हणाला, आणि तिथे त्याने आईचे ऐकले नाही. आडोसा सागाच्या पट्ट्यांचा केला, त्यातच पूर्वेकडे तोंड करून देवांना कोनाडा काढला. ते बांबू इमारतीच्या मागे दुधीच्या वेलाला लावले. मडके मात्र कोणी हातात घेईना. शेवटी त्याचे काय झाले कोण जाणे.

त्या रविवारी लोक कमी आले आणि दबकत आले. वहिनी दाराशी पोचल्या, खाली बघितले आणि म्हणाल्या, “हे पायपुसणं कोणाच्या आवडीचं? पाय पुसायचे की खरचटून घ्यायचे?”

नंदूने मान वर केली.

“पडदा बोटभर तोकडा आहे. शिंप्याने कापड खाल्लं आणि तू बघत बसलास. कपाटाची मूठ इतकी गुळगुळीत, की तुपाचा हात लागला तर कपाट दिवाळीपर्यंत उघडायचं नाही. आणि ही निळी भिंत. बघूनच मला पडसं झालं.”

प्रत्येक वाक्याला नंदूचा चेहरा उजळत चालला होता. जमलेल्या मंडळींचेही खांदे सैल झाले. कोठारे बैठकीवर बसले आणि कोणाच्या मदतीशिवाय उठले. मग खात्री करायला पुन्हा बसले.

नावांची यादी कोठाऱ्यांनी माझ्याकडे दिली होती. प्रेमाबाई माझ्याजवळ आल्या. “भाऊजी, माझं नाव घाला. एवढं बोलताहेत म्हणजे घर चांगलंच आहे. आणि ती भिंतसुद्धा हवी. तश्शीच निळी. त्या येतील तेव्हा पडसं होऊ दे त्यांना.”

त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनी नावे दिली. घरी जाताना नंदूने आईला विचारले, “मग? एकूण कसं?”

“चालेल,” वहिनी म्हणाल्या आणि बाहेरच्या पायऱ्या उतरू लागल्या. नंदू तिथेच थांबून एकटाच हसत होता. एक तारखेला बँकेतल्या त्या जागेवर दुसरा एक मुलगा आला. तो अजून तिथेच बसलेला आहे आणि मला बघितले की उभा राहतो.

आम्ही सगळे नव्या इमारतीत राहायला गेलो. तिथेही खाली आम्ही, वर टिपणीस. माझाही दिवाणखाना नंदूनेच केला. मी त्याला आधीच सांगितले होते की सगळे सरळ, काटकोनात आणि एका रंगात हवे, उगाच कल्पना नकोत. त्याने शब्दाबाहेर काही केले नाही. लवकरच मी निवृत्त होणार, मग दिवसभर तिथेच बसायचे, म्हणून माझ्यासाठी खिडकीशी एक आरामखुर्चीही केली.

वास्तुशांतीला क्षमावहिनी आल्या. दारात उभ्या राहिल्या. मी वाट बघत होतो. नजर सगळीकडून फिरली, कपाटावरून, पडद्यावरून, आरामखुर्चीवरून, आणि शेवटी खुर्चीत बसलेल्या माझ्यावर येऊन थांबली.

“छान आहे हो, भाऊजी,” त्या म्हणाल्या, आणि पेढा घेऊन आत गेल्या.

मी डॉक्टरांना प्रकृती दाखवून आलो. त्यांच्या मते सर्व ठीक आहे. नंदूकडून भिंतीही तपासून घेतल्या. वहिनी घराला म्हणाल्या की मला, हे विचारायला मात्र मी अजून वर गेलेलो नाही.